मॉनिटरच्या कोपऱ्यातून उजेड का झिरपतो?



रात्री संगणकावर सिनेमा लावला, पडद्यावर काळोखाचं दृश्य आलं आणि खालच्या कोपऱ्यात मात्र चुना सांडल्यासारखा फिकट पांढरा डाग दिसला, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. काहींच्या मॉनिटरला वरच्या कडेने उजेडाची पट्टी दिसते. काहींच्या पडद्यावर मधेच ढग आल्यासारखं वाटतं. दुकानात विचारलं की दोनपैकी एक उत्तर मिळतं. "सर, असं सगळ्यांनाच असतं," नाहीतर "पॅनेल गेलं, नवीनच घ्या." गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं कधी खरी असतात आणि कधी साफ खोटी. कोणतं उत्तर कधी खरं, हे आपलं आपल्याला ओळखता यावं म्हणून आजचा हा पाठ.

प्रश्न पैशाचा आहे, म्हणून एवढं लिहितोय. मुलीच्या अभ्यासासाठी पालक कापसाच्या पैशातून मॉनिटर घेतात. शाळेत संगणक कक्षासाठी एकदम आठ-दहा नग येतात, बिल मंजूर होतं, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होते. नोंद झाली की वस्तू बदलून मागणं किती अवघड, हे मुख्याध्यापकांना विचारा. उलट बाजूने पाहिलं तर चांगले चालणारे मॉनिटर "उजेड मारतो" म्हणून निर्लेखनाच्या ढिगात गेलेलेही मी पाहिले आहेत.

एलईडी मॉनिटर हे नाव जरा फसवं आहे

दुकानात आपण "एलईडी मॉनिटर द्या" म्हणतो. प्रत्यक्षात तो एलसीडीच असतो. एलसीडी म्हणजे द्रव स्फटिकांचा पडदा. या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्या मागे दिवा लावावा लागतो, त्यालाच बॅकलाइट म्हणतात. पूर्वी मागे बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्या असायच्या, आता एलईडी असतात, एवढाच फरक. पांढरा एलईडी म्हणजे बहुतेक वेळा निळा एलईडी आणि त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा थर. हा निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

जुना डबा मॉनिटर किंवा डबा टीव्ही आठवा. त्यात जिथे चित्र काळं तिथे इलेक्ट्रॉनचा मारा थांबायचा, म्हणजे उजेड तयारच व्हायचा नाही. एलसीडीत तसं नाही. पडदा पूर्ण काळा दिसतो तेव्हासुद्धा मागचा दिवा चालूच असतो! काळा रंग म्हणजे दिवा विझणं नव्हे, तर दिव्यासमोरचं दार लावणं. आणि दार कितीही घट्ट लावलं तरी फटीतून थोडा उजेड येणारच. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं.

कडेचा दिवा आणि ठिबकची नळी

बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या मॉनिटरमध्ये एलईडी पडद्याच्या पाठीमागे सगळीकडे नसतात, फक्त एका कडेला, बहुधा खालच्या कडेला, पट्टीत ओळीने बसवलेले असतात. मग एका कडेचा उजेड सगळ्या पडद्यावर सारखा कसा पोचतो?

आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या मुलांना हे समजावणं सोपं आहे. केळीच्या किंवा कपाशीच्या शेतात ठिबकची नळी पाहिली आहे ना? पाणी एका टोकाकडून येतं, तरी पहिल्या झाडाला आणि शेवटच्या झाडाला जवळजवळ सारखं मिळावं अशी तिची रचना करावी लागते. नुसतं पाटाचं पाणी सोडलं तर तोंडाजवळ चिखल आणि टोकाला कोरडं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. मॉनिटरमध्ये हेच काम अ‍ॅक्रिलिकची एक पारदर्शक पाटी करते. कडेने उजेड आत शिरतो आणि पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे आतल्या आत उड्या मारत पुढे जातो. दहावीच्या 'प्रकाशाचे अपवर्तन' या पाठातलंच तत्त्व. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक साधारण १.४९, म्हणून हवेशी असलेल्या पृष्ठभागावर क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश. त्यापेक्षा तिरका आलेला किरण बाहेर पडू शकत नाही.

मग तो बाहेर पडतो कसा? पाटीच्या मागच्या बाजूला बारीक पांढरे ठिपके असतात. किरण ठिपक्यावर आदळला की विखुरतो आणि समोर निसटतो. एलईडीजवळ ठिपके लहान आणि विरळ, लांब गेलं की मोठे आणि दाट. तोंडाजवळ कमी पाणी सोडायचं, टोकाला छिद्रं जास्त ठेवायची, तसंच. पाटीच्या मागे चकचकीत पांढरा कागद असतो, पुढे उजेड पसरवणारी दुधी फिल्म आणि उजेडाला समोर वळवणाऱ्या बारीक नक्षीच्या फिल्म.

इथे अजिंठ्याची आठवण येते. जामनेरहून लेणी काही लांब नाहीत. लेण्यांत विजेचे दिवे नव्हते तेव्हा माणसं दाराशी आरसा किंवा चकचकीत पत्रा धरून ऊन आत फेकायची आणि आत पांढरं कापड धरून तोच उजेड चित्रावर पसरवायची. कडेने उजेड घ्यायचा, परावर्तित करायचा, मग पसरवायचा. मॉनिटरच्या पाठीत दोन-तीन मिलिमीटर जाडीत हेच चाललेलं असतं.

आता या फिल्मपैकी एखादी जरा सुरकुतली, पाटी एका बाजूला सरकली, कडेची काळी पट्टी नीट चिकटली नाही, की उजेडाचं वाटप बिघडतं. पडद्यावर ढगासारखे फिके-गडद पट्टे दिसतात. कारखान्यातले लोक अशा असमानपणाला 'मुरा' म्हणतात. हा जपानी शब्द आहे, आपल्या मुरलेल्या लोणच्याशी त्याचा संबंध नाही!

दार कसं लागतं?

मागून आलेला उजेड समोर येताना दोन ध्रुवकांमधून जातो. ध्रुवक म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी फिल्म. दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात ठेवले तर पहिल्यातून आलेला उजेड दुसरा अडवतो. मधे काचेच्या दोन तावदानांत द्रव स्फटिकांचा जेमतेम तीन-चार मायक्रॉन जाडीचा थर असतो (आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन धरा). विजेच्या दाबाने स्फटिकांचे रेणू वळतात, प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवतात, आणि मग दुसरा ध्रुवक त्याला वाट देतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके, प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. म्हणजे बासष्ट लाखांवर दारं! ती सगळी एकाच वेळी घट्ट लागली पाहिजेत.

द्रव स्फटिक हा पदार्थ १८८८ मध्ये फ्रीडरिख राइनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आला. आपल्याकडेही यावर मोठं काम झालं आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ मध्ये एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव स्फटिक शोधले. असं असूनही मॉनिटरची पॅनेलं मात्र आपण मुख्यतः चीन, तैवान, कोरिया इथून आणतो. २०१६ मध्ये वेदांत समूहातल्या ट्विनस्टार कंपनीने महाराष्ट्र शासनाशी एलसीडी पॅनेलच्या कारखान्याचा सामंजस्य करार केला होता, नागपूरजवळच्या बुटीबोरीचं नावही चर्चेत होतं. तो कारखाना काही उभा राहिला नाही.

आता बारावीच्या मुलांसाठी थोडं गणित. मालसच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या ध्रुवकातून येणारा उजेड हा कोनाच्या कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ९० अंशाला शून्य. पण कोन ८८ अंश झाला तर? ८८ अंशाचा कोसाइन ०.०३४९, त्याचा वर्ग साधारण ०.००१२. म्हणजे फक्त दोन अंश चुकलं तर आठशेतला एक भाग उजेड पार निघतो. तुमच्या मॉनिटरच्या खोक्यावर कॉन्ट्रास्ट १०००:१ असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ पांढरा पडदा हा काळ्या पडद्याच्या हजारपट उजळ. म्हणजे काळ्यातही हजारातला एक भाग उजेड असणार, हे कंपनी स्वतःच सांगते. प्रत्यक्ष पडद्यात गळतीची इतर कारणंही असतात, पण दार किती काटेकोर लागावं लागतं याचा अंदाज यावरून येईल.

ब्लीड वेगळं, ग्लो वेगळा

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून सावकाश वाचा.

बॅकलाइट ब्लीड, म्हणजे खरी प्रकाशगळती, ही बनावटीतली किंवा वाहतुकीतली खोट आहे. चौकट पॅनेलला एका ठिकाणी जास्त दाबते, स्क्रू जास्त आवळलेला असतो, खोकं कुठेतरी आपटलेलं असतं. काचेवर दाब पडला की त्या जागी काच प्रकाशाच्या कंपनाची दिशा थोडी बदलू लागते. हा गुण डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ च्या सुमारास दाखवला होता. दाबलेली काच दोन ध्रुवकांच्या मधे आली की दार त्या जागी नीट लागत नाही, आणि कोपऱ्यात उजेडाचा फराटा दिसतो. म्हणूनच ब्लीड बहुधा कडेला आणि कोपऱ्यात असतं, कारण पकडलेलं सगळं तिथेच असतं.

ग्लो म्हणजे वेगळंच प्रकरण. आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये तो कमीअधिक असतोच. दोन ध्रुवक समोरून पाहताना बरोबर काटकोनात असतात, पण तिरकं पाहिलं की तो काटकोन डोळ्याला काटकोन राहत नाही. चोवीस इंची मॉनिटरपासून तुम्ही ६० सेंटिमीटरवर बसलात तर मध्यभाग समोर दिसतो, पण कोपरे साधारण २७ अंश तिरके दिसतात. तिथे रुपेरी, पिवळट किंवा निळसर झाक येते. ९० सेंटिमीटरवर सरका, तोच कोन साधारण १९ अंशांवर येतो आणि ग्लो बराच ओसरतो.

म्हणून ओळखायची खूण अगदी साधी. डोकं हलवा. डाग तुमच्याबरोबर सरकला, लांब गेल्यावर कमी झाला तर तो ग्लो. डाग आहे तिथेच, तेवढाच राहिला तर ते ब्लीड. ग्लोसाठी मॉनिटर परत करून काही उपयोग नाही, त्याच जातीचा दुसरा आला तरी त्यातही तो दिसेल. ब्लीडसाठी मात्र हक्काने बोला.

व्हीए जातीच्या पॅनेलचा काळा रंग जास्त गडद, कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास. पण त्यात काळं इतकं काळं असतं की जरासाही ढग लगेच नजरेत भरतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो, मागचा दिवाच नाही, त्यामुळे ही गळतीही नाही. त्याची किंमत आणि त्याची दुखणी वेगळी, ते पुन्हा कधीतरी.

मे महिन्याचा हिशोब

आपल्याकडचा उन्हाळा या विषयात आलाच पाहिजे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. मॉनिटरबरोबर आलेली माहितीपुस्तिका कुणी वाचत नाही, पण उघडून पाहा. बहुतेकांत वापरायचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. पत्र्याच्या छताखालचा संगणक कक्ष दुपारी त्या मर्यादेच्या बाहेरच असतो.

उष्णतेने काय होतं ते आकड्यात पाहू. चोवीस इंची पडद्याची रुंदी साधारण ५३० मिलिमीटर. अ‍ॅक्रिलिक दर अंशाला लांबीच्या दहा लाखांश सत्तर भाग प्रसरण पावतं. आतलं तापमान २० अंशांनी वाढलं तर अ‍ॅक्रिलिकची पाटी ५३० × २० × ०.००००७ म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर वाढते. त्याच वेळी पडद्याची काच फक्त ०.०४ मिलिमीटरच्या आसपास. दोघांना धरणारी पत्र्याची चौकट आणखी तिसऱ्याच मापाने वाढते. म्हणून पाटीभोवती मोकळी जागा सोडावी लागते. ती कमी पडली तर पाटी फुगते, फिल्मला आणि काचेला ढकलते. सकाळच्या शाळेत न दिसणारा डाग दुपारी दिसतो तो यामुळे असू शकतो. थंड झाल्यावर नाहीसा होत असेल तर घाबरू नका. कायम राहिला तर समजा की आतलं काहीतरी जागेवरून हललं.

मॉनिटर खिडकीच्या उन्हात ठेवू नये आणि कूलरच्या थेट झोतातही ठेवू नये. पहिल्याने तो तापतो, दुसऱ्याने मागच्या छिद्रांतून दमट हवा आणि धूळ आत जाते. रोज धडा संपल्यावर त्यावर लगेच जाड कापडी आच्छादन घालायची सवय अनेक शाळांत आहे. पंधरा मिनिटं थांबा, आतली गरमी निघू द्या, मग झाका.

अंधारात तपासणी

नवीन मॉनिटर आला की बिलावर सही करण्याआधी, किंवा ऑनलाइन घेतला असेल तर बदलून देण्याची मुदत संपण्याआधी, ही तपासणी करा. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. खोलीत अंधार करा. पडदा पूर्ण काळा करायला कुठलं खास सॉफ्टवेअर लागत नाही, पॉवरपॉइंटचा स्लाइड शो सुरू करून कीबोर्डवरचं 'बी' बटण दाबा, पडदा काळा होतो. 'डब्ल्यू' दाबलं की पांढरा होतो. काळ्यात गळती दिसते, पांढऱ्यात कुठे पिवळट किंवा मंद भाग आहे का ते दिसतं.

एक सावधगिरी. काही मॉनिटर पूर्ण काळं चित्र आलं की मागचा दिवाच मंद करतात आणि तपासणीत पास होतात! त्याच्या मेनूमध्ये डायनॅमिक कॉन्ट्रास्ट असेल तर आधी बंद करा. ब्राइटनेस शंभरवर नेऊ नका, रोज जेवढा वापरणार तेवढाच ठेवा. समोर दोन-अडीच फुटांवर बसून पाहा, मग डोकं हलवा, मागे सरका, आणि वर सांगितलेली खूण लावा.

मोबाइलने फोटो काढून ग्रुपवर टाकायची घाई सगळ्यांना असते. पण अंधारात मोबाइलचा कॅमेरा स्वतःहून उजेड वाढवतो, त्यामुळे अंधुकसा डाग फोटोत वणवा पेटल्यासारखा दिसतो. फोटो काढायचाच तर पडद्याच्या मध्यभागी एक लहान पांढरी खिडकी उघडी ठेवून तिच्यावर कॅमेरा केंद्रित करा. डाग कुठे आहे याचा पुरावा म्हणून फोटो चांगला, किती आहे हे मात्र डोळ्यांनीच ठरवा.

किती गळती म्हणजे जास्त? मृत पिक्सेल किती असले तर मॉनिटर बदलून देऊ याचे नियम कंपन्या छापतात, प्रकाशगळतीबद्दल तसा ठोस आकडा सहसा सापडत नाही. माझं मोजमाप असं: दिवे लावलेल्या खोलीत, नेहमीच्या कामात डाग दिसत असेल तर मॉनिटर परत करावा. फक्त मिट्ट काळोखात, काळ्या चित्रावर, शोधल्यावर दिसत असेल तर ठेवून घ्यावा. मराठी टायपिंग, पाढे आणि स्कॉलरशिपचे सराव पेपर करणाऱ्या वर्गाला त्याने काही फरक पडत नाही. फोटो किंवा व्हिडिओचं काम शिकवणार असाल तर मात्र कडक राहा. दुकानदार ऐकत नसेल तर बिल, तपासणीची तारीख आणि फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आहे तोच मॉनिटर सुधारायचा असेल तर

सर्वात आधी ब्राइटनेस कमी करा. गळती ही मागच्या दिव्याच्या प्रमाणात असते, दिवा निम्म्यावर आणला की गळतीही निम्मी. दुसरं म्हणजे मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर उजेड पडेल असा लहान दिवा ठेवा. अंधारात आपली बाहुली मोठी होते आणि डोळा अर्ध्या तासात इतका सरावतो की बारीकसा उजेडही टोचतो. मागे थोडा उजेड असला की तोच डाग लक्षातही येत नाही. लोडशेडिंगच्या रात्री इन्व्हर्टरवर फक्त संगणक चालू ठेवला की मॉनिटर "आजच खराब झाला" असं वाटतं ते यामुळेच. मॉनिटर तोच असतो, खोली बदललेली असते.

प्रवासातून आलेला नवा मॉनिटर काही दिवस वापरला की दाब थोडा सैल होऊन डाग कमी होतो, असंही होतं. त्याची वाट जरूर पाहा, पण मुदत संपेपर्यंत नको.

इंटरनेटवर अंगठ्याने पडदा चोळायचे, मॉनिटर दोन्ही हातांनी पिळायचे व्हिडिओ आहेत. कृपा करून करू नका. ज्या दाबामुळे डाग पडला त्यावर आणखी दाब देऊन काय मिळणार? काच तडकली तर पॅनेलची किंमत जवळजवळ नव्या मॉनिटरएवढी सांगतात. चौकटीचे स्क्रू किंचित सैल केल्याने कोपऱ्यातलं ब्लीड कधी कधी खरंच कमी होतं, पण ते वॉरंटी संपल्यावर, प्लग काढून, आणि जाणत्या माणसाकडूनच. जुन्या नळीवाल्या मॉनिटरमध्ये शेकडो व्होल्टचा भाग असतो, तो तर विद्यार्थ्यांसमोर उघडूच नका.

वर्गात करायचा प्रयोग

कुणाकडे ध्रुवक काचांचा गॉगल असेल तर आणा, त्यावर 'पोलराइज्ड' लिहिलेलं असतं. पडदा पांढरा करा, समोर गॉगल धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत पडदा काळा होईल. आता कंपासपेटीतली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी पडदा आणि गॉगल यांच्या मधे धरा. काळ्यावर एकदम इंद्रधनुष्यासारखे रंगीत पट्टे उमटतील, कारण साच्यात ओतताना प्लास्टिकमध्ये ताण राहून गेलेला असतो. पट्टी दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवा, रंग सरकतील. मॉनिटरच्या कोपऱ्यात दाबलेल्या काचेतून उजेड नेमका असाच निसटतो. मुलांना आधी कारण सांगू नका, त्यांना अंदाज करू द्या, आणि कोनमापक असेल तर गॉगल किती अंश फिरवल्यावर पडदा काळा झाला ते वहीत लिहायला लावा.